'स्मोक करणे' याला आपण काय म्हणायचं? धुरी, धुंगार की अजून काही?

मंडळी, एका शब्दावर अडलोय, मदत करा. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो. इथे डुकराच्या खांद्याचं मटण मंद धुरात दहा-बारा तास शिजवायची जुनी पद्धत आहे, पूर्वेकडच्या भागात तर अख्खं डुक्कर लावतात आणि वर नुसतं व्हिनेगर-मिरचीचं पाणी, तर शेजाऱ्यांचं बघून बघून गेली चार वर्षं मीपण महिन्यातनं एखाद्या रविवारी घरी करतो. लेकीला मराठी शाळेत 'आमचा रविवार' लिहायला सांगितलं तर तिने लिहिलं 'बाबा सकाळपासून स्मोक करतात'. आता हे वाचून कुणालाही वाटणार की मी दिवसभर सिगरेटी ओढतो! तिने विचारलं मग मराठीत काय लिहू, आणि मला चटकन सांगता आलं नाही, ते मनाला लागून राहिलंय.

काय करतो ते नीट सांगतो म्हणजे शब्द सुचवायला बरं. पहाटे पाचला कोळसा पेटवायचा, निखारे एका बाजूला, मटण दुसऱ्या बाजूला, म्हणजे थेट आच लागत नाही. निखाऱ्यांवर हिकरीच्या लाकडाच्या दोन-तीन ढलप्या. झाकण लावून आत साधारण १०७ अंश सेल्सियस राखायचं, बास, मग दिवसभर त्याच्याकडे लक्ष. साडेतीन किलोचा तुकडा असतो. मटणाचं आतलं तापमान ७० च्या आसपास आलं की तिथेच तासन्‌तास अडकून बसतं, पहिल्यांदा मला वाटलं कोळसा विझला, पण ते आपल्या माठासारखं आहे, वरून ओल उडत राहते आणि तुकडा स्वतःला गार करत राहतो. ९५ ला पोचलं की हाड हाताने ओढलं तरी स्वच्छ बाहेर येतं. शेवटच्या दोन तासांत वांगी, कांदे, लसणाचा अख्खा गड्डा, मक्याची कणसं त्याच धुरात, कारण आई सध्या आलीये आणि ती मटण खात नाही.

याला 'भाजणे' म्हणावं तर आच लागत नाही. 'शिजवणे' म्हणावं तर धूर कुठे गेला?

* * *

धुंगार म्हणा की सरळ. दाल, रायतं, बिर्याणी सगळ्यात चालतो शब्द, यूट्यूबवर सगळे तेच म्हणतात.

* * *

> धुंगार म्हणा की सरळ

नाही पटत. धुंगार म्हणजे शिजलेल्या पदार्थात वाटी ठेवायची, त्यात लालभडक कोळसा, वर चमचाभर तूप, की झाकण दाबायचं, पाच मिनिटांत काम झालं. तो वास द्यायचा प्रकार आहे, स्वयंपाक आधीच झालेला असतो. इथे धुरानेच सगळं व्हायचंय. आणि शब्दही हिंदीतनं आलाय, आमच्या घरी आजी 'कोळशाचा धूर दे' एवढंच म्हणायची.

मला 'धुरी' बरा वाटतो. बाळाला अंघोळीनंतर शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकून धुरी देतात तीच. जुना शब्द आहे, सगळ्यांना कळतो.

* * *

धुरीवर माझी एकच शंका, मिरच्यांची धुरीपण असते हो, त्यात शिक्षेचा भाव आहे. खायच्या वस्तूला तो शब्द जरा खटकतो.

आमच्याकडे दूध चुलीवर तापवताना ओलं लाकूड असलं की 'दूध धुरावलं' म्हणायचे, म्हणजे धुराचा वास लागून बिघडलं. त्यावरून 'धुरवणे' करता येईल की. वाफ - वाफवणे, खार - खारवणे, तसं धूर - धुरवणे. धुरवलेलं मटण, धुरवलेली वांगी. धुरावणे आपोआप होतं, धुरवणे आपण करतो.

* * *

मी अलिबागकडचा. आमच्याकडे थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की पोपटी होते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला कोंबून मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. धूर आणि पाल्याची वाफ दोन्ही आत मुरतं. पाणी टाकत नाही अजिबात. त्याला आम्ही भाजणे म्हणत नाही नि शिजवणेपण म्हणत नाही, 'पोपटी लावली' म्हणतो. क्रियापद बघा, लावणे. तुमच्या कामातपण नाव सोडा, आधी क्रियापद शोधा.

* * *

नागालँडमध्ये तीन वर्षं नोकरीला होतो म्हणून लिहितो. तिथे डुकराच्या मटणाच्या पट्ट्या चुलीच्या वर टांगून ठेवतात, कित्येक दिवस, रोजचा स्वयंपाक खाली चालू आणि धूर वर लागत राहतो, बाहेरून काळं होतं आणि टिकतं. मग ते आखुनीबरोबर, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनबरोबर, परत शिजवावं लागतं. ते खरं तर वाळवण आहे, 'धुरात वाळवलेलं'. तुमचं त्याच दिवशी खायचंय. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असला तरी आपण एकच शब्द कशाला शोधायचा?

* * *

जळगावकडे भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, धुराचा वास असतो तरी 'भाजलेली'च म्हणतात. एवढंच.

* * *

(मूळ प्रश्नकर्ता) सगळ्यांचे मनापासून आभार, कालपासून चार-चार वेळा वाचतोय.

अलिबागच्या दादांचं क्रियापदाचं म्हणणं डोक्यात बसलं. मी नाम शोधत होतो आणि अडचण क्रियापदाची होती. बघा ना, आपण 'देतो' ते सगळं थोडक्यात उरकणारं, फोडणी देतो, वाफ देतो, धुंगार देतो. धुरी देणेपण तसंच, पाच-दहा मिनिटांचं. आणि जे वेळ घेतं, जे ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागतो, त्याला 'घालतो'. डाळ भिजत घालतो, कपडे वाळत घालतो, आंबे आढीत घालतो. बारा तासांच्या मटणाला 'धुरी दिली' म्हणताना जीभ अडखळत होती ती म्हणून.

'धुरवणे' मला फार आवडला, लेबलावर लिहायला, पाककृतीच्या नावाला उत्तम, 'धुरवलेल्या वांग्याचं भरीत' वाचूनच भूक लागते. पण बोलताना आमच्या घरात तो आला नाही, मी मुद्दाम वाट बघितली. 'स्मोक्ड'ची जागा तो घेईल, 'स्मोक करतोय'ची घेईल असं वाटत नाही. शिक्षेचा भाव मात्र मला जाणवत नाही, बाळाची धुरी इतकी मायेची असते की मिरच्यांची आठवण त्यापुढे टिकत नाही.

नागालँडच्या माहितीने मोठा गुंता सुटला. टिकवायचं असेल ते वाळवण, तो वेगळा शब्द, वेगळं काम.

आता आजचं सांगतो. सकाळी आई बाहेर आली तेव्हा धूर पांढराफटक, दाट येत होता, तर म्हणाली 'धूर कोंडलाय, कडू होईल'. खरंच तसंच असतं, लाकूड नीट जळलं नाही, हवा कमी पडली की असा धूर येतो आणि मटणावर काजळीसारखं बसून कडवट लागतं, धूर पातळ, निळसर, दिसेल न दिसेल असा हवा. इथली माणसं हे शिकवायला तासभर घेतात, आईने दोन शब्दांत सांगितलं, चुलीपुढे बसलेली बाई ती. मी खालची झडप उघडली, दहा मिनिटांत धूर निवळला.

मग अकराच्या सुमाराला सांगलीच्या मावशीचा फोन आला. आई बोलता बोलता म्हणाली, 'अगं यानं पहाटेच मटण धुरीला घातलंय, संध्याकाळी निघेल, माझी वांगी दुपारी घालणारे.' धुरीला घातलंय! कुणी सांगितलं नव्हतं, हा धागा तिने वाचलेला नाही. आणि पलीकडून मावशीने 'म्हणजे काय गं' असं विचारलं नाही, 'लाकूड कसलं मिळतं तिकडं, बाभळ असते का?' असं विचारलं.

लेकीने वहीत खोडून लिहिलंय, 'बाबा पहाटे मटण धुरीला घालतात आणि आजी वांगी घालते.'

एक राहिलंच. मटणावर वरून जो काळाभोर, कडक, मसाल्याचा थर धरतो, इथे बार्क म्हणतात, ज्यासाठी ताटावर भांडणं होतात, त्याला लेक 'खरपुडी' म्हणायला लागलीये, आजीकडनं दुधाच्या पातेल्यावरून उचललेला शब्द. मला चालेल असं वाटतं. तुमच्याकडे वेगळं काही म्हणतात का?