विम्याची मुदत संपलेली मोटार रस्त्यावर आणावी का?

प्रश्न:
शाहूपुरीतील एका गृहस्थांकडून एमएच ०९ क्रमांकाची जुनी मोटार घेतली. आरसी माझ्या नावावर झाली आहे, परंतु विम्याची मुदत आधीच संपलेली दिसते. गारगोटीपर्यंत एकच फेरी करायची आहे. पकडले गेल्यास किती दंड होईल?

पहिले उत्तर:
मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ नुसार किमान तृतीय पक्ष (थर्ड पार्टी) विमा, म्हणजे अपघातात इतरांच्या झालेल्या हानीची भरपाई देणारा विमा, असल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवता येत नाही. कलम १९६ प्रमाणे पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपये दंड, अथवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दंड ४,००० रुपये.

दुसरे उत्तर:
दंडाची रक्कम पाहून निर्णय घेऊ नका, ही कळकळीची विनंती. उद्या एखादा पादचारी जखमी झाला आणि त्याने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज केला, तर विमा कंपनीने जी भरपाई दिली असती, ती मालक म्हणून तुमच्याकडून वसूल होईल, आणि त्यासाठी तुमच्या मालमत्तेवर जप्तीही येऊ शकते. त्या जखमी माणसाच्या घरच्यांना मात्र पैशांसाठी वर्षानुवर्षे तिष्ठावे लागेल, हे मला अधिक गंभीर वाटते.

तिसरे उत्तर:
केवळ तृतीय पक्ष पॉलिसी ऑनलाइन सहज मिळते. मात्र पैसे भरले म्हणजे संरक्षण लगेच सुरू झाले, असे समजू नका. पॉलिसीवर सुरुवातीची तारीख आणि वेळ छापलेली असते, ती उलटल्यावरच गाडी बाहेर काढा.