मदत हवी आहे: पियानो, वाद्यवृंद आणि समूहगान एकत्र ऐकण्यासाठी कोणती जागा घ्यावी?

बेथोव्हनची 'कोरल फँटसी' (ओपस 80, 1808) प्रत्यक्ष ऐकण्याची संधी प्रथमच मिळत आहे आणि तिकीट घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. जेमतेम वीस मिनिटांच्या या रचनेत आरंभी पियानो एकटाच वाजतो, मग वाद्यवृंद त्याला येऊन मिळतो आणि गायक अगदी अखेरीस उभे राहतात. त्यामुळे एकाच जागेवरून हे तिन्ही नीट ऐकू यावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

दोन पर्याय शिल्लक आहेत. पहिला, तळमजल्यावर डावीकडे चौथी रांग, जिथून वादकाचे हात दिसतील. परंतु समूहगान वाद्यवृंदाच्या मागे असल्याने तंतुवाद्यांच्या आड गायकांचे शब्द दबतील, अशी शंका येते. दुसरा, बाल्कनीची पहिली रांग, मध्यभागी, जिथे आवाज अधिक एकजीव होत असावा. रंगमंचामागील आसने गायकांसाठीच राखीव आहेत. किमतीत फारसा फरक नाही, बाल्कनीपर्यंत लिफ्ट आहे आणि सोबतच्या व्यक्तीला थोडे कमी ऐकू येते.

ध्वनिमुद्रणे गीताचे शब्द समोर ठेवून ऐकली आहेत, पण त्यांत प्रत्येक आवाजाजवळ मायक्रोफोन असल्याने सभागृहातील समतोल कळत नाही. तिकीट खिडकीवर विचारले असता कुठून काय दिसेल एवढेच समजले.

अशा कार्यक्रमांना दोन्हीकडे बसून ऐकलेल्यांनी कृपया सांगावे: बाल्कनीत पियानोच्या एकल भागातील हळुवार स्वर स्पष्ट पोहोचतात का, की त्यासाठी समूहगानाच्या बाबतीत थोडी तडजोड करून तळमजलाच निवडावा?