चौथीतल्या मुलाला क्लास लावावा का? गणितात अडकतोय

डोंबिवलीची_आई

नमस्कार सगळ्यांना. मुलगा चौथीत आहे, सेमी इंग्लिश, शाळा सकाळची. मी आणि नवरा दोघंही नोकरीला, लोकलची गर्दी काढून मी घरी पोचते तेव्हा साडेसात वाजलेले असतात, मग कुकर लावू की त्याची वही बघू असं होतं. दिवसभर सासूबाई असतात घरी. मराठी, पाठांतर, पाढे त्या छान घेतात पण गणित इंग्रजीत असल्यामुळे प्लेस व्हॅल्यू, बॉरो वगैरे शब्द आले की त्यांना कळत नाही.

परवा ओपन हाउसला बाई म्हणाल्या गणितात कच्चा आहे, क्लास लावा, पुढच्या वर्षी पाचवी, आता पाचवीला वार्षिक परीक्षा असते, पास व्हावंच लागतं. चाचणीत 20 पैकी 8 मिळालेत. तेव्हापासून झोप नीट नाही मला.

दोन पर्याय आहेत. मागच्या बिल्डिंगमधल्या काकू रोज 5 ते 7 सगळे विषय घेतात, महिना 1000, पण पहिली ते सातवीची वीसेक मुलं एकत्र बसतात. दुसरा स्टेशनजवळचा मोठा क्लास, गणित आणि सोबत स्कॉलरशिपची तयारी, वर्षाचे 18 हजार एकदम भरायचे. आणि खाली खेळायला मुलं बरोबर 5 लाच जमतात, तो एक तास त्याचा जीव की प्राण आहे. काय करू?

झेडपी_गुरुजी

ताई, मी सातारा जिल्ह्यात प्राथमिकला 17 वर्षं शिकवतोय. क्लासचं नंतर बघू, आधी तो चाचणीचा पेपर शाळेतून मागून घ्या आणि 12 मार्क नेमके कुठे गेले ते बघा. गणितात कच्चा हे काही निदान नाही. कुणाचं हातच्यात चुकतं, कुणाला शाब्दिक उदाहरण वाचताच येत नाही म्हणजे गणित येतं पण भाषा अडते, आणि कुणाचा संख्या ऐकून लिहिण्यातच घोळ असतो. तिघांना तीन वेगळी औषधं लागतात, क्लासमध्ये बहुतेक वेळा एकच मिळतं.

आज रात्री एवढंच करा. तोंडी संख्या सांगा आणि त्याला अंकात लिहायला लावा, सदुसष्ट, शहात्तर, त्रेसष्ट, छत्तीस, एकोणपन्नास, चौऱ्याण्णव. मग त्याच संख्या इंग्रजीत सांगा. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, सदुसष्ट म्हणताना 7 आधी कानावर पडतो आणि लिहायचा असतो 6 आधी. सेमीच्या पोराला शाळेत सिक्स्टी सेव्हन आणि घरी आजीकडून सदुसष्ट, दोन उलट्या दिशा. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात वीस एक, साठ सात असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवत असेल, मंगला नारळीकर बाई गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांनी जोडाक्षरं आणि उलटा क्रम मुलांना जड जातो हेच सांगितलं होतं. पद्धत पटो न पटो, अडचण मी वर्गात दरवर्षी बघतो.

आणि अजून एक. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये मुलाला कुठे मदत लागते हे तपासून जादा शिकवणं शिक्षकाचंच काम म्हटलंय. बाईंना न भांडता विचारा, शाळेत काय करता येईल म्हणून. विचारायचा हक्क आहे तुम्हाला.

नाशिककर_स्मिता

माझा अनुभव सांगते, मुलगी तिसरीत असताना असाच घाबरून क्लास लावला होता, सगळे विषय, रोज दोन तास. पहिले दोन महिने मी खूश कारण घरी येईपर्यंत होमवर्क पूर्ण, वह्या टापटीप, कटकट नाही. सहामाहीला मार्क तेवढेच. मग एक दिवस सुट्टी टाकून शेजारी बसवलं तर कळलं की क्लासमध्ये फळ्यावर उत्तर येतं ते ही उतरवते, स्वतः एकही गणित सोडवलं नव्हतं तिने. एकदा तर म्हणाली आई उत्तर सांग ना मी लिहिते, इतकं वाईट वाटलं ना मला तेव्हा. बंद केला.

एक विचारू का, ओपन हाउसमधल्या बाई स्वतः क्लास घेत नाहीत ना? आरटीईच्या कलम 28 प्रमाणे शाळेच्या शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, म्हणून विचारलं.

आणि खेळाचा तास तोडू नका प्लीज. आमच्याकडे तो तोडला आणि मुलगी संध्याकाळी चिडचिडी व्हायला लागली, ते मार्कांपेक्षा महाग पडलं.

वर्ग_पहिली_ते_पाचवी

मी ठाण्यात घरी शिकवणी घेते म्हणून दुसरी बाजूही मांडते. सगळेच क्लास उतरवून देत नाहीत. माझ्याकडे नऊच मुलं आहेत आणि जास्त घेत नाही, कारण प्रत्येकाची वही हातात घेऊन बघायची तर तेवढीच जमतात. साडेसातला घरी येणाऱ्या आईने परत शिक्षिका व्हायचं हे बोलायला सोपं आहे, थकलेल्या माणसाचा आवाज चढतोच आणि मग मुलाला गणिताचीच भीती बसते.

काकूंकडे पाठवायचं तर आधी एक दिवस तिथे बसून बघा. चूक झाली की त्या खोडून बरोबर लिहून देतात की कसं केलंस म्हणून विचारतात, यावरून सगळं कळतं. फक्त गणित, आठवड्यातून तीन दिवस घ्याल का हेही विचारा, बऱ्याच जणी घेतात, आपणच विचारत नाही. 18 हजार मात्र एकदम भरू नका. ज्याला वजाबाकी जमत नाही त्याला स्कॉलरशिपच्या बॅचमध्ये बसवलं तर तो मागे बसून गप्प राहायला शिकतो.

सोलापुरी_नितीन

क्लास नकोच म्हणणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. माझे आईवडील यंत्रमागावर होते, दोघांना सही करण्यापुरतंच लिहिता यायचं. शेजारच्या रिटायर्ड मास्तरांनी मला चौथी ते सातवी अंगणात बसवून गणित शिकवलं, महिन्याला 30 रुपये, तेही कधी राहिले तर मागितले नाहीत. आज मी इंजिनिअर आहे ते त्या अंगणामुळे. घरात बघणारं कुणी नसेल तर शिकवणी हा आधार असतो, त्यात लाज कसली. फक्त माणूस बघून लावा, बोर्ड बघून नको.

डोंबिवलीची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवसांनी लिहितेय कारण आधी पेपर आणायचा होता.

गुरुजी, तुम्ही म्हणालात तस्संच निघालं. सदुसष्ट म्हटलं की 76 लिहितो, त्रेसष्टला 36, आणि एकोणपन्नासला तर सरळ 59. तेच इंग्रजीत सांगितलं तर दहापैकी नऊ बरोबर. चाचणीतली वजाबाकीची रीत बरोबर होती, बाई तोंडी गणितं मराठीत घालत होत्या आणि हा आकडेच उलटे उतरवत होता! त्यात 6 मार्क गेलेत. बाकीचे खरंच हातच्यात गेलेत, शून्यातून घ्यायचं आलं की अडतो. बाईंचा स्वतःचा क्लास नाहीये स्मिताताई, मी त्यांना हे दाखवलं तर त्या आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं थांबवतो म्हणाल्या, विचारलं नसतं तर कळलंच नसतं.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी भाजीवाल्याचा हिशोबच त्याच्याकडे दिलाय, त्या मराठीत आकडे सांगतात आणि तो लिहितो. 18 हजारवाला क्लास नाही लावणार. काकूंकडे शनिवारी बसून बघणार आहे, त्या तीन दिवस फक्त गणित घ्यायला तयार आहेत, 600 रुपये आणि वेळ 4 ते 5, म्हणजे 5 ला तो खाली खेळायला मोकळा. दिवाळीपर्यंत बघते, मग परत लिहीन इथे.

गुरुजी, शून्यातून हातचा घेणं घरी कसं समजवायचं? काड्यांचे गठ्ठे करून चालेल का?

झेडपी_गुरुजी

चालेल की, तेच सगळ्यात चांगलं. दहा काड्यांना एक रबर, दहा गठ्ठ्यांची एक जुडी. 100 मधून 37 द्यायला सांगा आणि जुडी त्यालाच सोडू दे, तुम्ही हात लावू नका. दोनतीन दिवस नुसत्या काड्या, वही नको. त्याने स्वतःहून म्हटलं ना की आई जुडी सोडल्याशिवाय सुट्या काड्या मिळतच नाहीत, की मग पाटीवर मांडायला घ्या.