सर्व्हिसिंगहून आणलेली स्प्लेंडर सकाळी सुरूच होईना (मॉडेल २००४)

रबाळे_सेकंड_शिफ्ट

मंडळी, गाडी हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, २००४ ची, एमएच ०४ पासिंग. वडिलांनी घेतलेली, आता माझ्याकडे. कळवा ते रबाळे एमआयडीसी हा तिचा रोजचा रतीब, व्हाया विटावा. पंधरा वर्षांनंतरचं री-पासिंग करून ठेवलंय, त्यामुळे "विकून टाक" हा सल्ला कृपया नको. तो घरात रोज फुकट मिळतो.

शनिवारी कामावरून येता येता नेहमीच्याच गॅरेजला टाकली. ऑइल बदललं, नवा प्लग, कार्बोरेटर साफ, फिल्टर धुतला, चेन टाइट केली. बरेच दिवस वरून टकटक येत होती, ती पण बघा म्हटलं, तर टॅपेट लावून दिले. तासाभरात गाडी हातात. आवाज असा गायब की सिग्नलला बंद पडली की काय म्हणून दोनदा ॲक्सिलरेटर पिळून बघितला. छान घरी आलो.

रविवारी सकाळी मात्र ढिम्म. चोक ओढून, चोक न ओढता, कॉक रिझर्व्हला टाकून, किक मारून मारून पोटरी भरून आली. प्लग काढला तर पेट्रोलने ओला. हेडला टेकवून किक मारली तर ठिणगी निळी, चांगली खणखणीत पडते. शेजारच्या पोराला घेऊन धक्का मारला तर सायलेन्सरमधून एकदा फाटकन बार झाला, बास. गॅरेजवाला फोनवर म्हणतो, "काल माझ्याकडून चालू गेली होती ना? पेट्रोलमध्ये पाणी असेल, घेऊन या." अहो, आणू कशी?

अजून एक, महत्त्वाचं आहे की नाही माहीत नाही. किक खूप हलकी लागतेय. नवीन ऑइलमुळे असेल का?

कोपरीकर_७४

पाण्याचं म्हणतोय त्यात तथ्य असू शकतं. विटाव्याच्या पुलाखाली पाऊस झाला की तळं साचतं, आणि आता इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढून घेतं. जुन्या गाड्यांची रबरं पण त्यात फुगतात. कार्बोरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सोड आणि काचेच्या ग्लासात पेट्रोल घे. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. पाच मिनिटांचं काम आहे.

स्प्लेंडर_म्हणजे_स्प्लेंडर

प्लग बदलून बघ. नवा प्लगही पडीक निघतो. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला असंच झालं होतं.

वागळेचा_जुना_फिटर

दादा, महत्त्वाची गोष्ट तू शेवटच्या ओळीत लिहिलीस. ऑइल जाडं असो की पातळ, किक एका रात्रीत हलकी होत नाही. किक मारताना पायाला जो अडसर लागतो तो कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाते त्याचा. तो गेला म्हणजे सिलिंडरमधली हवा कुठून तरी निसटतेय. ठिणगी आहे, पेट्रोल प्लगपर्यंत पोचलंय, मग कोपरीकरांचा ग्लास आणि मेव्हण्याचा प्लग दोन्ही तूर्त बाजूला ठेवा. (कोपरीकर, राग नको. ग्लासाची युक्ती चांगलीच आहे, फक्त इथली नाही.)

गाडी गॅरेजमध्ये गेली तेव्हा चालू होती. म्हणजे जिथे जिथे पाना लागला तिथेच शोधायचं. ऑइल, चेन, फिल्टर यांनी कॉम्प्रेशन जात नाही. प्लग नीट बसला नसेल तर जाऊ शकतं, पण मग फुसफुस ऐकू येते. उरले टॅपेट.

टॅपेट म्हणजे रॉकरच्या टोकाचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात सोडलेली फट. (व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडरचं दार, रॉकर म्हणजे ते दाबून उघडणारा दांडा.) शंभर सीसीला ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. नेमकं माप गाडीच्या पुस्तकात आहे, तेच लावायचं. ती फट आहे म्हणून थोडी टिकटिक येते, आणि ती यायलाच हवी. तुझ्या माणसाने गिऱ्हाईक खूश करायला आवाज मरेपर्यंत स्क्रू आवळला. त्यात तू कामावरून आलेला, इंजिन तापलेलं, तासाभरात गाडी परत. गरम इंजिनवर धरलेलं माप गार झाल्यावर तेच राहत नाही, म्हणून हे काम थंड इंजिनवरच करतात. तुझी फट रात्री बंद झाली. आता व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, दार किलकिलं राहिल्यासारखा. घरी आलास तेव्हा इंजिन गरम होतं म्हणून धकून गेलं.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, तपासून बघ. चावी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा धर आणि किक हाताने हळूहळू दाब. कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायला सांग, तू कार्बोरेटरकडे कान दे. कॉम्प्रेशनच्या वेळी मागे हवा लागली तर एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह उघडा आहे, कार्बोरेटरमधून सूं आलं तर इनलेट (आत घेणारा). तुझा तो बार सायलेन्सरमधून झालाय, त्यामुळे माझी पैज एक्झॉस्टवर.

पिस्टन रिंगची (पिस्टनभोवतीच्या हवा अडवणाऱ्या कड्यांची) शंका असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून बघ. किक लगेच जड झाली तर रिंग, नाहीतर व्हॉल्व्ह.

आता दुरुस्ती. गाडी रात्रभर गार झालेली हवी. डबल स्टँडवर घे, प्लग काढ, हेडवरची दोन्ही टॅपेटची झाकणं उघड. डाव्या बाजूला मॅग्नेटच्या कव्हरवर दोन बुचं आहेत, ती काढ. चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढच्या दिशेने हळू फिरव. लहान बुचाच्या खिडकीत 'टी'ची खूण (पिस्टन अगदी वर आल्याची) येईल, ती कव्हरवरच्या खाचेशी जुळव. आता एक गोम आहे. ही खूण दर फेरीला येते, आणि आपल्याला दोनपैकी एकच हवी. प्लगच्या भोकावर अंगठा ठेव. खुणेकडे जाताना हवा अंगठा ढकलत असेल तर बरोबर. तुझ्या गाडीत हवाच निसटतेय, त्यामुळे ढकल नीट जाणवणार नाही. मग इनलेटचा रॉकर बघ: तो खाली जाऊन वर आला की त्यानंतरची पहिली 'टी' आपली.

लॉकनट (टॅपेटचा स्क्रू जखडणारा नट) ढिला कर, फटीत फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची) पात सरकव. पात थोडी अडत अडत निघाली पाहिजे, ओढावी लागता कामा नये. स्क्रू धरून ठेवूनच लॉकनट आवळ, आणि आवळल्यावर पुन्हा पात घालून बघ, कारण आवळताना माप हलतं. सगळी गंमत इथेच बिघडते.

आणि तोवर धक्का मारणं बंद. व्हॉल्व्ह सीटवर टेकतो तेव्हाच त्याची उष्णता हेडमध्ये जाते. न टेकता गाडी पळवलीस तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळेल, मग हेड उतरवून ग्राइंडिंग आलं.

रबाळे_सेकंड_शिफ्ट

काका, पैज तुम्ही जिंकलात. बायकोने सायलेन्सरपाशी हात धरला, मी किक दाबली, तर म्हणे "फुंकर मारतंय कोणीतरी." आज सकाळी बिल्डिंगखालीच उघडलं. एक्झॉस्टच्या रॉकरला बोटाने हलवून बघितलं तर जरासुद्धा हलेना. इनलेटला केसभर फट होती. पुस्तकातलं माप लावलं, प्लग वाळवून बसवला, चोक ओढला. किक मारताना पायाला असा दणका बसला की बरं वाटलं. सुरू झाली, आणि टिकटिक परत आली.

त्या टिकटिकीचं काय करू? आणि गॅरेजवाल्याला सांगू का?

कोपरीकर_७४

फिटरसाहेब, मानलं. पण टॅपेट ढिले राहिले तर कॅम (रॉकरला हलवणारा उंचवटा) खातो ना?

वागळेचा_जुना_फिटर

खूप ढिले असतील तर रॉकर आणि कॅम दोन्ही झिजतात, खरं आहे. पण ढिला टॅपेट बोंबलून सांगतो, आवळलेला गुपचूप व्हॉल्व्ह जाळतो. दोघांत मी बोंबलणारा घेईन.

रबाळे, माप बरोबर असेल तर टिकटिकीकडे दुर्लक्ष कर. मापावर असूनही जोरात ठोकत असेल तर रॉकर किंवा कॅम झिजलाय, २००४ ची गाडी आहे, तो वेगळा खर्च. गॅरेजवाल्याला जरूर सांग, भांडू नकोस. पुढच्या वेळी गाडी आदल्या रात्री त्याच्याकडे ठेव आणि टॅपेट सकाळी उघडायला लाव. आठवडाभर चालवून झाली की एकदा लॉकनट हाताखालून घाल.

रबाळे_सेकंड_शिफ्ट

ठीक. फीलर गेज शेजाऱ्याचा होता, आता स्वतःचा घेतो.