खदान वस्तीतील कल्याण केंद्र : आपापले अनुभव लिहावेत

वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर या पट्ट्यातील ज्या भूमिगत खदानी बंद पडल्या, त्यांच्या वस्त्यांमधील कल्याण केंद्रांचा इतिहास तेथे वाढलेल्या माणसांनीच लिहावा, यासाठी हा धागा आहे. 1947 च्या कायद्याने खाणीबाहेर जाणाऱ्या कोळशावर टनामागे उपकर बसवून कामगार कल्याण निधी उभारला आणि त्यात घरबांधणी व सामान्य कल्याण अशी दोन खाती ठेवली. त्यामुळे या निधीतून झालेली केंद्रे मालकांनी दान दिली, हा समज मला मान्य नाही. टबात, म्हणजे खाणीतील रुळांवरच्या छोट्या डब्यात, कोळसा भरणाऱ्या लोडरच्या घामाचा त्यात वाटा होता. तेथे काय चालत असे आणि कोणाला आत यायला संकोच वाटत असे, तेही लिहावे.

*

माझे वडील लोडर होते. आमच्या केंद्रात दुपारी शिवणवर्ग आणि संध्याकाळी प्रौढ साक्षरता वर्ग भरत असे. आई तेथेच सही करायला शिकली आणि वडील गेल्यानंतर भविष्य निर्वाह निधीच्या कागदांवर तिने अंगठा न लावता सही केली, याचा मला आजही अभिमान वाटतो. मात्र भिंतीवरचा तक्ता फक्त मराठी बाराखडीचा होता. आमच्या ओळीत तेलुगू आणि छत्तीसगढी कुटुंबे बरीच असूनही त्यांच्या भाषेचा कोणी विचार केला नाही, आणि त्या बाया थोड्याच दिवसांत वर्गाला यायच्या बंद झाल्या.

*

ब्रह्मपुरी-नागभीडकडून खदानीत आलेल्या मंडळींनी झाडीपट्टीची नाटके सोबत आणली. दिवाळीनंतर केंद्राच्या सभागृहात तालमी सुरू होत, पण सगळे नट एका वेळी कधीच मिळत नसत, कारण कोणी पहिल्या पाळीत असे तर कोणी तिसऱ्या. प्रयोगाच्या रात्री खलनायकाची दुसरी पाळी असली, तर त्याचे प्रवेश मध्यरात्रीनंतर ढकलले जात आणि तोवर गाणी लांबवली जात. भोंगा झाला की प्रेक्षक दाराकडे पाहू लागत. तो धावतपळत येऊन नळाखाली तोंड धुई, तरी पापण्यांच्या कडेचा कोळसा निघत नसे, त्यामुळे त्याला वेगळे काजळ लावावे लागत नसे. पहाटे नाटक संपले की काही प्रेक्षक तेथूनच थेट हजेरीला जात. रंगमंचाच्या मागची खोली, जिथे आम्ही पडदे ठेवत होतो, ती आता छतासकट खाली आली आहे.

*

आजोबा 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला बाबासाहेबांच्या हस्ते दीक्षा घेऊन आले. त्या काळी खदान खाजगी मालकीची होती आणि साहेबांच्या क्लबची पायरी मजुराने चढायची नाही, असा दंडक होता. कल्याण केंद्र त्याहून वेगळे होते, तरी तेथेही आमच्या वस्तीतील लोक बराच काळ मागच्या बाकांवर बसत. 1973 मध्ये खदानींचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर 14 एप्रिलचा कार्यक्रम याच सभागृहात होऊ लागला, आणि पहिल्या वर्षी आजोबा ठरवून पहिल्या रांगेत बसले. केंद्राचा इतिहास लिहिताना बाकांची ही व्यवस्था वगळू नये.

*

आमच्या केंद्रात मुख्यतः कॅरम आणि वर्तमानपत्रे होती. माझ्याजवळ याहून अधिक काही नाही.

*

मी ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणून लिहितो. निधीचा कायदा 1986 मध्ये रद्द झाला. पुढे आमची खदान बंद झाली, कामगारांच्या बदल्या झाल्या, क्वार्टर रिकामे पडले आणि केंद्राची वीज तोडली गेली. गावाला तेथे अभ्यासिका हवी आहे, परंतु इमारत ग्रामपंचायतीच्या मालकीची नसल्याने दुरुस्तीचा खर्च मंजूर होत नाही. हस्तांतरणाच्या अर्जासोबत इमारतीचा सार्वजनिक वापर दाखवणारी कागदपत्रे जोडायची आहेत. म्हणून ज्यांच्याकडे शिवणवर्गाची प्रमाणपत्रे, नाटकांची हस्तपत्रके किंवा सभागृहातील लग्नांचे फोटो असतील, त्यांनी वर्षासह त्यांच्या प्रती द्याव्यात.