२०० लिटरच्या रीफ (प्रवाळाच्या) टाकीत कोणते मासे एकत्र नांदतील?

प्रश्न: माझी २०० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी दोन महिन्यांपासून चालू असून तिच्यात मऊ प्रवाळ आणि ऑसेलारिस क्लाउनफिशची एक जोडी आहे. त्यांच्या सोबतीला यलो टँग आणि मँडरिन हे मासे आणण्याचा विचार आहे. शिवाय काचेवर शेवाळ धरू लागले आहे, त्यासाठी कोणते प्राणी सोडावेत?

उत्तर १: यलो टँगला पोहायला लांबलचक जागा लागते, त्यामुळे या टाकीत तो नको. मँडरिन मुख्यतः कोपेपॉड (पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव) टिपून जगतो. नव्या टाकीत ते पुरत नाहीत आणि हा देखणा मासा डोळ्यांदेखत खंगत जातो. त्याऐवजी रॉयल ग्रामा किंवा फायरफिश निवडावा. मात्र फायरफिश उडी मारतो, म्हणून वर जाळी हवीच.

उत्तर २: शेवाळासाठी ट्रोकस गोगलगाय उत्तम, कारण उलटी पडली तरी ती स्वतःला सावरते. नासारियस ही गोगलगाय मात्र शेवाळ खात नाही. ती वाळूत दडून बसते आणि अन्नाचा वास येताच सोंड वर काढत बाहेर पडते. गोगलगायींच्या रिकाम्या शंखात राहणाऱ्या हर्मिट खेकड्यांविषयी माझे मत चांगले नाही: माझ्याकडच्या एकाने शंखासाठी ट्रोकसचाच जीव घेतला. ठेवायचेच असतील, तर मोठे रिकामे शंख आत टाकावेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. टाकी जुनी विकत घेतलेली आहे, हे सांगायचे राहिले.

उत्तर २: मग पूर्वी तिच्यात माशांच्या रोगावरचे तांब्याचे औषध घातले होते का, ते आधी विचारा आणि पाण्यातील तांबे तपासा, त्याचा अंशही गोगलगायींना व कोळंबीला मारक ठरतो.