डॉक्टरांना कंपन्यांनी काय दिलं, ते पेशंटला कळावं का?

गोदाकाठ (धागाकर्ता): परवा वडिलांना घेऊन परभणीत एका डॉक्टरांकडे बसलो होतो. आमचा नंबर सतरावा. बाराव्यानंतर टायवाले तीन एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) एकदम आत गेले, ते अर्ध्या तासाने बाहेर. एकाच्या बॅगेवर जे नाव होतं, तेच वडिलांच्या बीपीच्या स्ट्रिपमागे. योगायोग असेलही.

अमेरिकेत २०१० च्या सनशाइन कायद्याने जेवण, प्रवास, मानधन सगळं कंपन्यांना सरकारकडे कळवावं लागतं. २०१४ पासून तिथं कोणीही डॉक्टरचं नाव टाकून ते बघतो. आपल्याकडे मार्च २०२४ च्या यूसीपीएमपी या औषध कंपन्यांच्या जाहिरात-विक्रीच्या संहितेत भेटवस्तू आणि सहलींना मनाई आहे, पण खर्चाचा हिशेब जातो केंद्राच्या औषध विभागाकडे. पेशंटच्या हाती काय? नावानिशी जाहीर करा.

तालुका_डॉक्टर: भाऊ, मी एमबीबीएस, लातूर जिल्ह्यात. व्याख्यानाचे चार हजार माझ्या नावापुढे दिसले की दुसऱ्या दिवशी पारावर 'डॉक्टर खातो'. नातेवाईक आधीच अंगावर येतात, त्यांच्या हातात आणखी कागद देऊ नका. कंपन्यांच्या भेटवस्तू घ्यायच्या नाहीत हा नियम आम्हाला २००९ पासून आहेच. तो पाळायला लावा.

गोदाकाठ: पाळला असता तर अपेक्स लॅबोरेटरीज या औषध कंपनीचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलंच नसतं. सोन्याची नाणी, फ्रीज, टीव्ही डॉक्टरांना वाटून तो खर्च करातून वजा करून मागितला होता. कोर्टाने २०२२ मध्ये नाही म्हटलं.

कविता_हिंगोली: यादी लागली तरी आमच्या गावापासून हाडाचा डॉक्टर एकच, तोही ४० किलोमीटरवर. यादी बघून कुणाकडे जाऊ, दादा?

बॅगवाला (माजी एमआर): अकरा वर्षं नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये उभं राहिलो, म्हणून सांगूलालो. फ्रीज-टीव्ही मोठ्या शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना. तालुक्याला खरा पैसा पीसीडीच्या मालात, म्हणजे छोट्या कंपन्यांचा स्वस्तात उचलून त्या-त्या भागात विकायचा माल. स्ट्रिपवर एमआरपी ११०, मेडिकलला पडती १८ ला. मेडिकल दवाखान्याला लागूनच. चिठ्ठीवरचं नाव दुसऱ्या दुकानात मिळतच नाही, कारण ते तिथं ठेवलेलंच नसतं. यात कंपनीने डॉक्टरला रुपया दिला का? नाही. मग तुमच्या यादीत तो कुठं दिसणार?

गोदाकाठ: हे डोक्यातच आलं नव्हतं. तसं असेल तर मेडिकल कोणाचं, तेही जाहीर हवं.

तालुका_डॉक्टर: सगळ्यांना एकाच काठीने हाकू नका. माझं मेडिकल मेव्हण्याच्या नावावर आहे, पण रात्री दोनला इंजेक्शन तिथंच मिळतं. जनऔषधी केंद्र संध्याकाळीच बंद.

कविता_हिंगोली: रात्रीचं मान्य, डॉक्टरसाहेब. दिवसाच्या चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी नुसतं औषधातल्या घटकाचं नाव लिहाल का? मोठ्या अक्षरात. आईची गोळी मग मी कुठूनही घेईन.

बॅगवाला: ताईचं आधी करा. याद्या नंतर बघू.

तालुका_डॉक्टर: लिहीन. मेव्हण्याला सांगावं लागेल.